डोकं दुखतंय, एक गोळी द्या

मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी मागताना औषधाचं नाव क्वचितच कुणी घेतं. "नेहमीची द्या", "टीव्हीवरची द्या", "आमच्या ह्यांना लागू पडते ती द्या", असंच मागणं असतं. आमचं दुकान शिरूरचं. पुणे-नगर रस्त्यावरचे ड्रायव्हर, रांजणगाव एमआयडीसीतले रात्रपाळीचे कामगार, वाड्या-वस्त्यांवरून आलेले शेतकरी, शाळेतल्या बाई, कॉलेजची मुलं, सगळे याच काउंटरला येतात. फार्मासिस्ट म्हणून इतकी वर्षं इथे उभी राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. या गोळ्यांनी माणसाचं खरोखर भलं होतं, पण दोन हिशेब ठेवले तरच: गोळीच्या आत काय काय आहे आणि महिन्यातले किती दिवस ती पोटात गेली.

डोकेदुखीच्या बहुतेक खपाऊ गोळ्या 'कॉम्बिनेशन' असतात, म्हणजे एकाच गोळीत दोन, तीन, कधी चार औषधं. ही नावं स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असतात. आम्ही कात्रीनं दोन गोळ्या कापून दिल्या की बहुतेकदा ती अक्षरंही अर्धी तुटतात. बॅच नंबर आणि मुदत एका टोकाला असते, ते टोक दुकानातच राहतं. म्हणून सुट्या गोळ्या देताना मी पाकिटावर पेनानं औषधाचं नाव आणि मुदत लिहून देते. गर्दीच्या वेळी यात दोन मिनिटं जातात, रांगेतली माणसं कुरकुरतात, पण पुढचे किस्से वाचलेत तर ही दोन मिनिटं कशासाठी ते कळेल.

कोर्टानं सोडलेली गोळी

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ३२८ कॉम्बिनेशन औषधांवर एकदम बंदी घातली. एवढी औषधं एकत्र देण्याला वैद्यकीय आधार नाही, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. त्या यादीत सॅरिडॉन होती. सकाळी पेपर वाचून आम्ही सगळा साठा शेल्फवरून काढला, खोक्यात भरला आणि खोकं आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. दिवसभर गिऱ्हाइकांची समजूत काढता काढता घसा बसला. एक आजोबा तर चिडलेच, "चाळीस वर्षं घेतोय, मला काय झालं?"

काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयानं सॅरिडॉनवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती यादीतून वगळली. खोकं बाहेर आलं. मग वेगळंच सुरू झालं. "कोर्टानं सोडली म्हणजे निर्धोक झाली की ओ ताई," असं म्हणत लोक एकाऐवजी दोन-दोन स्ट्रिपा नेऊ लागले.

मी त्या आजोबांना स्टुलावर बसवलं आणि स्ट्रिप उलटी करून वाचून दाखवली. पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, प्रोपिफेनाझोन १५० मिलिग्रॅम, कॅफिन ५० मिलिग्रॅम. कोर्टानं निकाल दिला तो विक्रीबद्दल. गोळीतलं औषध तेच राहिलं आणि डोसही तोच राहिला. प्रोपिफेनाझोननं काही जणांच्या अंगावर पुरळ उठतं, क्वचित कुणाला जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. आजोबांना दम्याचा त्रास होता आणि दमेकऱ्यानं वेदनाशामक जपूनच घ्यायचं असतं. ही गोष्ट चाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारली नव्हती आणि त्यांनीही कुणाला सांगितली नव्हती.

तीन गोळ्या, औषध एकच

रात्रपाळी सुटल्यावर सकाळी एक तरुण आला. सर्दी, कणकण, डोकं ठणकत होतं. सर्दीची गोळी, तापाची डोलो ६५० आणि डोकेदुखीची गोळी अशी तीनही नावं त्यानं एका दमात सांगितली. आधी काही घेतलंस का, असं विचारल्यावर म्हणाला, "हेच सगळं घेतोय कालपासून, तीन-तीन वेळा."

मी तीनही स्ट्रिपा काचेवर ओळीनं उलट्या मांडल्या आणि त्याला मोबाइलचा टॉर्च लावून वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. तिन्हींवर पॅरासिटामॉल होतं. मग बिलाच्या कागदामागे आम्ही बेरीज केली. तापाची गोळी ६५० गुणिले तीन, म्हणजे १९५०. सर्दीची ५०० गुणिले तीन, म्हणजे १५००. डोकेदुखीची २५० गुणिले तीन, म्हणजे ७५०. एकूण ४२०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० आहे. रोज दारू घेणारा, यकृताचा आजार असलेला किंवा हडकुळ्या अंगाचा माणूस असेल तर ती आणखी खाली येते. जास्तीच्या पॅरासिटामॉलनं यकृत बिघडतं आणि पहिले एक-दोन दिवस बाहेरून फारसं काही दिसत नाही. म्हणून मी त्याला सरळ दवाखान्यात पाठवलं, तिन्ही स्ट्रिपा सोबत देऊन.

सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कॉम्बिनेशनमध्ये पॅरासिटामॉल आहे हे दुकानातल्या प्रत्येकाला पाठ असतं. गिऱ्हाइकाला मात्र ती तीन आजारांची तीन वेगळी औषधं वाटतात. आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, की बेरीज कुणीच करत नाही.

बाजरीवरचा अरगट

अर्धशिशीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं चालणारी एक गोळी म्हणजे वॅसोग्रेन. तिच्यात अर्गोटामिन १ मिलिग्रॅम, कॅफिन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम आणि उलटीसाठी प्रोक्लोरपेराझिन अडीच मिलिग्रॅम असतं. ही चिठ्ठीवरची गोळी आहे, पण लोक ती शेंगदाणे मागावेत तशी मागतात.

एका शेतकऱ्यानं विचारलं, "ताई, हे अर्गोटामिन म्हणजे काय?" मी त्याला उलट विचारलं, "बाजरीवर अरगट पडतो, माहीत आहे ना?" त्याला माहीत असणारच. कणसातून चिकट थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी येतात. पेरणीआधी बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायच्या, हे आपल्या भागात जुन्या माणसांनाही ठाऊक आहे. युरोपात त्याच जातकुळीची बुरशी राय नावाच्या धान्यावर पडायची. तसल्या पिठाची भाकरी खाऊन मध्ययुगात गावंच्या गावं आजारी पडली, माणसांची बोटं काळी पडून झडली. त्या बुरशीतून १९१८ मध्ये आर्थर स्टोल या स्विस रसायनशास्त्रज्ञानं अर्गोटामिन वेगळं काढलं. ते रक्तवाहिन्या आकसवतं. योग्य मात्रेत अर्धशिशीचा झटका त्यानं थांबतो आणि मात्रा चुकली की हातापायांचं रक्त तुटतं. ऐकून त्या शेतकऱ्यानं हातातली स्ट्रिप उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मग ही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही."

याच गोळीनं एकदा आमच्या दुकानात सगळ्यांना थांबवलं. एक ताई छातीतल्या कफासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन होतं. औषधं पिशवीत भरून झाली आणि त्या म्हणाल्या, "आणि आमची अर्धशिशीची एक स्ट्रिप." माझा हात तिथेच थांबला. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरची इट्राकोनाझोल आणि एचआयव्हीवरची काही औषधं अर्गोटामिनचा निचरा रोखतात. ते रक्तात साठत जातं, बोटं गार पडतात, मुंग्या येतात, निळसर होतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर गँगरीनपर्यंत जातं. मी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांना ताईंच्या अर्धशिशीच्या गोळीची कल्पनाच नव्हती, कारण ती गोळी त्या परस्पर नेत होत्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर अर्गोटामिन वर्ज्य आहे. सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातली गोळी घेतली असेल तर चोवीस तासांच्या आत अर्गोटामिन घ्यायचं नाही. आणि गरोदरपणात तर मुळीच नाही, कारण त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. बायकोसाठी गोळी न्यायला आलेल्या नवऱ्यांना मी हा प्रश्न विचारतेच. बरेच जण लाजतात, काही रागावतात. एक जण घरी फोन करून विचारता विचारता हसू लागला, कारण आनंदाची बातमी त्याला त्याच फोनवर कळली. त्या दिवशी गोळी गेली नाही, बातमी गेली.

कालनिर्णयवरच्या लाल खुणा

सगळ्यात जास्त माणसं ज्यात अडकलेली मी पाहते तो प्रकार वेगळाच आहे. एका शिक्षिका बाईंची स्ट्रिप आधी महिन्याला एक जायची, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. "गोळी घेतली की उतरतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू," असं त्या सांगायच्या. दुसरी 'भारी' गोळी मागायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाई, गोळी घ्याल त्या दिवशी कालनिर्णयवर लाल पेनानं फुली मारा आणि महिन्यानं मला पान दाखवा."

महिन्यानं त्या पानच फाडून घेऊन आल्या. दुधाच्या हिशेबाच्या आकड्यांमधून लाल फुल्या सोडून काही दिसत नव्हतं. संकष्टीला फुली, एकादशीला फुली, रविवारीही फुली. बाई स्वतःच म्हणाल्या, "एवढ्या?"

यामागचं गणित डॉक्टरांच्या जगात ठरलेलं आहे. कॉम्बिनेशनची, अर्गोटामिनची किंवा ट्रिप्टानची गोळी महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. गोळीत कॅफिन असेल आणि वरून दिवसभर चहा चालू असेल, तर एखाद्या दिवशी कॅफिन चुकलं तरी डोकं धरतं. मग माणूस पुन्हा गोळीकडे वळतो.

बाईंना मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी बंद केली आणि अर्धशिशी टाळण्यासाठी रोज घ्यायचं औषध सुरू केलं. पहिल्या आठवड्यात डोकं आधीपेक्षा जास्त दुखलं. असं होतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या तग धरून राहिल्या. दोन-तीन महिन्यांनी फुल्या विरळ झाल्या. इथे एक लक्षात ठेवायला हवं. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, ॲमिट्रिप्टिलिन ही टाळण्यासाठीची औषधं आहेत. डोकं दुखल्यावर त्यातली एक घेतली तर उपयोग नाही आणि बरं वाटतंय म्हणून मनानं एकदम बंद केली तर त्रास होतो. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत.

अमेरिकेहून आलेली बाटली

मुलं परदेशात असलेल्या घरांत हल्ली एक बाटली हमखास असते, एक्सेड्रिनची. शंभर गोळ्यांची बाटली बघून आई-वडिलांना मुलाचं प्रेमच हातात आल्यासारखं वाटतं. एक काकू ती घेऊन आल्या, "ही किती घ्यायची ते सांग गं." लेबल वाचलं. एका गोळीत पॅरासिटामॉल २५०, ॲस्पिरिन २५० आणि कॅफिन ६५ मिलिग्रॅम. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, त्यामुळे ते आपल्याकडच्या माणसाला ओळखू येत नाही. काकूंना स्टेंट बसवलेला, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. त्यात हे वरचं ॲस्पिरिन पडलं तर पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. बाटली घरी तशीच राहिली आणि डोकेदुखीसाठी त्यांच्या डॉक्टरांनी साधं पॅरासिटामॉल सांगितलं. ॲस्पिरिन तापातल्या मुलांनाही द्यायचं नाही आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनीही घ्यायचं नाही.

गोळी न देण्याचे दिवस

काही वेळा मी गोळीच देत नाही. आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, बोलताना जीभ अडखळते आहे, एका बाजूचा हात जड झाला आहे, तापासोबत मान आखडली आहे, डोक्याला मार लागून गेला आहे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखतंय किंवा गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं जोरात दुखतंय, तर तिथे गोळीचा धंदा करायचा नसतो. तडक दवाखाना गाठायचा.

वाचकहो, एवढं कराच. गोळी मागाल तेव्हा चालू असलेली बाकीची औषधं, दमा, पोटातला अल्सर, रक्तदाब, गरोदरपण हे न विचारताही सांगा. सुटी गोळी घ्याल तर तिचं नाव लिहून मागा. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, धाप लागली, बोटं गार पडली तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद तिथे होते. आणि कॅलेंडरवरच्या फुल्या महिन्याला दहाच्या घरात जायला लागल्या, तर दुकानात येऊन दुसरी गोळी मागू नका, डॉक्टरांची वेळ घ्या.