रुपया पडला की आपले काय होते?



‘रुपया पडला, आता साखरेची निर्यात जोरात!’ असे बोलणे वजनकाट्यावर अधूनमधून कानी येते. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कळावे म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर ७ रुपये ५० पैशांना झाला. म्हणजे परदेशात १०० डॉलरचा माल विकणाऱ्याला ४७६ ऐवजी ७५० रुपये मिळणार. पण १०० डॉलरचे खत किंवा यंत्र आणणाऱ्यालाही तेवढेच जादा मोजावे लागणार. डॉलरमधले कर्ज तर बसल्या जागी फुगणार.

निर्यात वाढेल, कारखाने चालतील, देश पुढे जाईल, असा अंदाज होता. पण विकायला माल तर हवा ना! १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६४-६५ साली सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्य पुढच्या वर्षी ७.२ कोटी टनांवर आले. शिवाय सरकारने निर्यातीच्या जुन्या सवलती काढल्या आणि चहा-तागावर निर्यातकर बसवला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. अपेक्षित वाढ दिसलीच नाही. महागाईची झळ मात्र घरोघर बसली.

जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले. त्या वर्षी देशाची वाढ एक टक्क्याच्या आसपास रखडली; पुढल्या वर्षी ती पाच टक्क्यांच्या वर गेली. मात्र त्या वेळी परवाना पद्धतही सैल झाली होती. सगळे श्रेय एकट्या अवमूल्यनाला देता येत नाही.

दुसऱ्याचे चलन पडले तरी झळ आपल्याला लागते. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलचे रेआल घसरले. तिथल्या कारखान्यांना कमी डॉलरमध्ये साखर विकणे परवडू लागले आणि जागतिक बाजारात आधीच उतरलेला साखरेचा भाव आणखी पडला.

तात्पर्य एवढेच : अवमूल्यन म्हणजे पाटाला सोडलेले पाणी. रान तयार असेल तर पीक येते, नसेल तर चिखल होतो. म्हणून रुपया पडल्याची बातमी आली की तीन गोष्टी विचाराव्यात. निर्यातीला परवानगी आहे का? ब्राझीलचे चलनही पडले आहे का? आणि बाहेरून येणाऱ्या पोटॅशचा भाव किती चढला? ही तिन्ही उत्तरे हाती आल्यावरच उसाच्या दराचा अंदाज बांधावा.