फरशीखालचं पाणी

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी आजच्या नाहूरवरूनच गेली. इथे स्टेशन व्हायला मात्र 2006 साल उजाडलं. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने आणि मधून रूळ, अशी या पट्ट्याची जुनी ओळख. कारखान्यांच्या जागी टॉवर आले आणि ताबा मिळालेल्या घरांतून दगड कापणाऱ्या कटरचा आवाज येऊ लागला. बिल्डरने बसवून दिलेल्या चकचकीत टाइल्स उखडून त्या जागी ‘इटालियन’ टाकायचं, हा इथल्या नव्या घरमालकाचा पहिला संकल्प असतो.

मुंबईच्या घरात दगडी फरशी आली तीही रेल्वेनेच. जीआयपी रेल्वे कंपनीचा पुणे-सोलापूरवरून जाणारा मार्ग 1871 साली रायचूरला पोचला आणि वाटेवरचं, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेलं शहाबाद मुंबईच्या बाजाराशी जोडलं गेलं. एवढ्या लांबून दगड आणायचं कारण आपल्याच जमिनीत आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. जोत्याला, भिंतीला तो उत्तम, पण पातळ लादी काढायची तर टाकी चालवणारा घायकुतीला येतो. मुंबईच्या उपनगरांतही खाणी होत्या, राजाबाई टॉवरचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आहे. पण तो भिंतीचा दगड. भीमेच्या खोऱ्यातला शहाबादचा चुनखडक पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. पहार घातली की तो थरावरच सुटतो. शहाबादपाठोपाठ राजस्थानातून कोटा आणि आंध्रातून कडप्पा आला. हे तिन्ही दगड मुळात चुनखडकच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. इटलीचा संगमरवर हाही उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडकच, हे किशनगढच्या किंवा सिल्वासाच्या गोदामात भाव ऐकताना सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

चाळीत शहाबादीला कुणी पाणी-डाग अडवणारा सीलर लावल्याचं ऐकिवात नाही. रोजची पोछाफडकी, तेलाचे थेंब, अनवाणी पाय यांनीच तिला ती काळपट तकाकी यायची. खालून ओल आली तर ती दगडातून आणि रुंद दर्जांतून वर येऊन उडून जायची. फरशी बेढब होती, थंडगार होती, आणि तिची ओलीशी तडजोड झालेली होती. टॉवरमधल्या संगमरवराला अशी तडजोड करायला कुणी सवडच देत नाही.

काम कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. आधी दोरी आणि लेव्हल. मग एक भाग सिमेंटला चार भाग रेती, हा माल असा भिजवायचा की मुठीत वळला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. केंद्रीय बांधकाम खात्याच्या नियमांत कोट्याखालचा हा थर सरासरी 20 मिलिमीटर धरलेला आहे. घरात उंचसखलपणा झाकता झाकता तो 50 पर्यंत जातो. लादी आधी कोरडीच टेकवून रबरी हातोडीने ठोकतात आणि परत उचलतात. खालच्या मालावर कुठे ठसा उमटला, कुठे नाही, हे कारागीर वाकून बघतो, खळगा भरतो, मगच सिमेंटचा घोळ ओततो. हा घोळ मधासारखा दाट असावा आणि चौरस मीटरला 4.4 किलो सिमेंट पडावं, असं तेच खातं सांगतं. मग लादी कायमची बसते. हातोडीच्या दांड्याने कानाकोपऱ्यांत टकटक करायची; आवाज भरीव आला तर ठीक, बद्द आला तर लादी पुन्हा वर. ही दुसरी उचल-टाक वाचवणारा कारागीर स्वस्त पडतो. पुढे कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की कोपरा उडतो.

इथवरचं काम दिसतं, म्हणून त्यावर लक्ष ठेवता येतं. पुढचं दिसत नाही. मालातलं सगळं पाणी सिमेंट वापरत नाही. उरलेलं दगडातून वर येऊनच जातं. जाताना ते रेतीतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं आणि पृष्ठभागावर सोडतं. भिंतीला लोणा लागतो म्हणतात तोच हा प्रकार, फक्त जमिनीवर. खाडीची रेती नीट न धुता वापरली तर मीठ आयतंच मिळतं. पांढऱ्या संगमरवरात लोहाचे कण असले तर हेच पाणी त्यांना गंजवून पिवळे डाग उठवतं आणि दोष मात्र दगडाच्या नावावर जातो.

आता पंचांग बघा. गणपती उठले की कामं निघतात आणि ‘दिवाळीच्या आत’ घर तयार हवं असतं. हवेत सप्टेंबरचा दमटपणा, खाली पाच सेंटिमीटर ओला माल आणि वर पॉलिशवाल्याची घाई. घासाई यंत्राचे खडे 60 नंबरपासून 320च्या पुढे जातात, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडची पूड फिरते, लादी आरशासारखी होते आणि तिसऱ्या दिवशी सीलर लागतो. पाणी आतच अडकतं. मग दर्जांच्या कडेने काळपट चौकटी उमटतात आणि वर्षभर जात नाहीत.

सीलर दोन जातींचे असतात. अॅक्रिलिकचा वर पापुद्रा बसतो. चमक येते, पण खालची वाफ अडते, आणि ओल असेल तर तो पापुद्रा पांढुरका होऊन सुटतो. दुसरा सिलेन-सिलोक्सेनचा, आत मुरणारा. तो छिद्रांच्या आतल्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, पण वाफेला वाट ठेवतो. मुंबईत घरात लावायचा असेल तर माझं मत सरळ दुसऱ्याच्या बाजूने. तो पुसून घ्यायचा असतो. डबा संपवायचा म्हणून जाड थापला तर चिकट कवच राहतं. लावण्याआधी लादीवर प्लॅस्टिकचा चौकोन चारी कडांनी टेप लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं, किंवा दगड गडद झालेला दिसला, तर कारागिराला परत पाठवावं. ठेकेदार नाराज होईल, होऊ द्यावा.

सीलर विकणारे सहसा सांगत नाहीत ती गोष्ट आम्लाची. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ हे कॅल्शियम कार्बोनेटला खातात, आणि सीलर असला तरी खातात. उरतो तो पांढुरका, निस्तेज ठिपका डाग नसून झिजलेला दगड असतो. तो पुसून नव्हे, घासूनच जातो. रंगकाम संपल्यावर फरशी ‘अॅसिडने मारून’ देण्याची आपल्याकडची पद्धत चुनखडकाच्या मुळावर येते, कारण ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. संडास धुण्याच्या बाटलीतही बहुधा तेच. म्हणून स्वयंपाकघरात ग्रॅनाइट आणि बैठकीत हौस असेल तर संगमरवर, ही जुन्या गवंड्यांची वाटणी अजूनही शहाणपणाची आहे.

वजनाचाही हिशेब करून टाकू. 18 मिलिमीटर संगमरवर चौरस मीटरला सुमारे 49 किलो, खालचा 50 मिलिमीटर माल आणखी शंभरेक. भारतीय मानकात राहत्या खोलीतल्या माणसासामानाचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात, आणि फरशीचा भार वेगळा मोजलेला असतो तो एकाच फरशीचा. जुनी न उखडता तिच्यावर दुसरी चढवायची असेल तर सोसायटीच्या परवानगीआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावं.

सीलर कधी परत लावायचा याला वर्षांचं गणित नाही. लादीवर चार थेंब पाणी सोडायचं, दहा मिनिटांनी पुसायचं. खाली गडद ठसा राहिला तर वेळ आली. नाही राहिला तर तो खर्च पुढच्या दिवाळीवर ढकलायला हरकत नाही. दारात आणि ओट्यापुढे हा ठसा आधी दिसतो, पलंगाखाली बहुधा दिसतच नाही. तेव्हा अख्ख्या घराचा भाव सांगणाऱ्याकडून दोनच जागांचं काम करून घ्यावं.