पानओव्याची भजी व चटणी

भजी म्हणजे कांदा, बटाटा किंवा मिरची, असाच आपल्याकडील बहुतेक घरांचा परिपाठ आहे. पानओव्याची भजी ज्याने एकदा खाल्ली, त्यास मात्र घरी या झाडाची एखादी कुंडी असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. क्रांती चौकानजीकच्या आमच्या घरास परसू नाही. जिन्यापाशी दोन कुंड्या आहेत, आणि चार माणसांस तेवढ्या पुरतात.

नावापायी येथे घोटाळा फार होतो. ज्याचे दाणे आपण फोडणीत घालतो तो ओवा कोथिंबिरीच्या कुळातील; पानओवा तुळशीच्या कुळातील. थायमॉल हे द्रव्य दोहोंत असल्याने वास मिळता येतो, इतकेच. म्हणून ओव्याचे दाणे पेरून पानओव्याची वाट पाहू नये.

दुसरा घोटाळा याहून वाईट. एका स्नेह्यांनी आम्हांस पाथरचूर म्हणून एक फांदी दिली. ती जोमाने वाढली. पुढे एके दिवशी पीठ भिजवून झाले, आणि सहज पान चुरडून पाहिले तो वासाचा पत्ता नाही! ती पानफुटी होती. कित्येक ठिकाणी दोहोंस याच नावाने ओळखतात. तीस वर्षे महसुलाचे दप्तर सांभाळताना एकाच नावाच्या दोन खातेदारांनी आम्हांस असेच छळले होते. पानफुटीचे पान गुळगुळीत, त्याच्या कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. पानओव्याचे पान जाड व लवदार. पानफुटीच्या वर्गातील झाडे खाऊन ऑस्ट्रेलियात गुरे दगावली आहेत. सबब वास घेतल्यावाचून पान कढईत टाकू नये, व गोठ्याजवळ पानफुटी लावू नये.

लागवडीस वीतभर फांदी पुरे. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. आमची एक कुंडी पावसाळ्यात अशीच गेली. निम्मी वाळू मिसळावी.

भज्यांकरिता पाने धुऊन पुरती कोरडी करावी, नाहीतर पीठ धरत नाही. बेसनात चमचाभर तांदळाचे पीठ, तिखट, हळद व मीठ घालावे. ओवा घालू नये. पान रसाळ असल्यामुळे आच मध्यम ठेवावी.

चटणीस आठ-दहा पाने, जिरे व हिरवी मिरची थोड्या तेलात परतून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटावी व ताकात कालवावी. कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे हीस तंबळी म्हणतात व भाताबरोबर जेवतात. भाकरीशी खावयाची असल्यास ताकाऐवजी घट्ट दही घ्यावे.