निवृत्तीनंतर शहरात जायचंय? मग मध्यात की कडेला?



हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं आपलं कनेरगाव नाका. इकडे मराठवाडा, पुढे गेलं की वऱ्हाड. इथली मुलं शिकतात, पुण्याला नोकरीला लागतात. मग ५८व्या वर्षी शाळेचा निरोप घेतलेल्या गुरुजींना, बाईंना फोन येतो, "आता गावात काय ठेवलंय? इकडेच या."

जावं की नाही, यावर घरात खूप बोलणं होतं. पण शहरात नेमकं कुठे राहायचं, हे कुणी विचारत नाही. म्हातारपणी खरा फरक त्यानेच पडतो.

शहराची कड

मुलांचा फ्लॅट बहुधा वाघोली, हिंजवडी अशा भागात असतो. ऑफिस जवळ आणि भाव मध्यवस्तीपेक्षा कमी, म्हणून. लिफ्ट असते, बाग असते. पण डॉक्टर, बँक, नाटक, जुना मित्र, कुठेही जायचं तर बहुतेक वेळा गाडी लागते. मुलगा-सून सकाळी बाहेर पडतात ते रात्री येतात. गावात नाक्यावर गेलं की दहा जण रामराम घालतात. इथे दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही. स्कूटर चालवणं सुटलं की माणूस चार भिंतींत अडकतो.

शहराचा मध्य

आता पुण्याच्या पेठा बघा. सदाशिव, नारायण, शनिवार. मंडई, बँक, औषधाचं दुकान पायी अंतरावर. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे, टिळक रोडला टिळक स्मारक मंदिर आहे. २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईला मेट्रोही थांबते. ज्याचे पाय चालतात, त्याला इथे कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

पण खोटही सांगायला हवी. घरं महाग, गोंगाट फार, आणि जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. आज तिसरा मजला चढता येतो. गुडघे दुखायला लागले की तोच मजला तुरुंग होतो. म्हणून आधी लिफ्ट बघा, मग खोल्या.

आणि मोठं शहर म्हणजे पुणंच, असं थोडंच आहे? आपल्या स्टेशनवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग पुढे नांदेडला जोडलेला आहे. तिथल्या मध्यवस्तीत राहिलं तर गावचं लग्नकार्य, शेताची चक्कर सुटत नाही.

पैसा आणि कागद

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. नंतरच्यांचा हिशेब वेगळा. त्यामुळे शेजारच्या गुरुजींना परवडलं म्हणजे आपल्याला परवडेल, असं धरू नका. पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कुठून द्यायचा, ते आधीच ठरवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गावचं घर किंवा शेत विकून मुलाच्या नावावर फ्लॅट घेणं. नंतर पटलं नाही तर परतायला दार उरत नाही. काही नावावर करायचंच असेल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात लेखी घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली, तर न्यायाधिकरणाकडे दाद मागून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे. कागद स्पष्ट असला की नातंही मोकळं राहतं.

आधी राहून बघा

अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या. एक पावसाळा, एक दिवाळी तिथे काढा. गावच्या घराची किल्ली जवळच ठेवा. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास आहे. येणं-जाणं चालू ठेवा. वर्षभराने स्वतःला विचारा : इथे मला नावाने ओळखणारी पाच माणसं झाली का? झाली असतील तर खुशाल राहा.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना सांगा, आजी-आजोबा दिवसभरात पायी कुठे कुठे जातात, याचा नकाशा काढा. मग विचारा, हाच नकाशा शहरातल्या काकांच्या घराभोवती काढता येईल का? मुलं उत्तर शोधतील, आणि कदाचित घरातल्या मोठ्यांनाही ते सापडेल.