सनद एकदा, शिक्षण आयुष्यभर

२४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी महाडच्या काजळपुरा भागातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत काही क्षणांत कोसळली. सोळा जीव गेले. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर निघाला, तेव्हा जमलेल्या लोकांचे डोळे पाणावले.

त्याआधी चार वर्षे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या वेळी ‘पूल फार जुना होता’ असे म्हणून मनाची समजूत घालता आली. तारिक गार्डन मात्र अवघी दहा वर्षांची होती. जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने तीस वर्षांनंतर सक्तीची होते. दहा वर्षांच्या वास्तूकडे त्या नियमाची दृष्टी पोहोचतच नाही.

या दुर्घटनेनंतर बांधकाम व्यावसायिकासह वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु घर किंवा पेढी बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे त्यापलीकडचा एक प्रश्न उरतो. ज्याच्या सहीवर विसंबून आयुष्यभराची पुंजी बांधकामात घालावयाची, त्याचे ज्ञान आजचे आहे की पंचवीस वर्षांपूर्वीचे?

कायदा काय सांगतो?

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच ‘वास्तुविशारद’ हे नामाभिधान लावता येते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा कायदा त्या नामाभिधानाचे रक्षण करतो. नकाशा काढणे किंवा बांधकामावर देखरेख करणे ही कामे इतरांनी करण्यास तो मनाई करीत नाही. नोंदणी टिकविण्यासाठी कायद्यात नूतनीकरणाचे शुल्क आहे. इतके तास नवे शिक्षण घेतलेच पाहिजे, अशी अट नाही. परिषदेचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र पुण्यात आहे, पण तेथे जाणे न जाणे प्रत्येकाच्या इच्छेवर आहे.

इंटिरिअर डिझायनरांच्या बाबतीत तर सनदच नाही. त्यांची राष्ट्रीय संस्था १९७२ पासून कार्यरत असली, तरी तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. दुकानाची सजावट करणारा पदवीधर असेल, तसाच अनुभवी सुतारही असेल.

इतर व्यवसायांत चित्र निराळे दिसते. व्यापाऱ्याच्या वह्या तपासणाऱ्या, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालास तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. २०२३ पासून महारेराने स्थावर मालमत्तेच्या दलालांनाही प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली. ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या सदस्यांना वर्षाला ३५ तास अभ्यास करावा लागतो. अमेरिकेतील त्यांच्या संस्थेने वर्षाला १८ तास ठरविले असून, त्यांपैकी १२ तास आरोग्य, सुरक्षा व लोकहित याच विषयांना द्यावे लागतात. घर दाखविणाऱ्याला परीक्षा आणि घर आखणाऱ्याला केवळ शुल्क, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

ज्ञान शिळे कसे होते?

दख्खनचा भूभाग स्थिर आहे, असे तज्ज्ञही एके काळी मानीत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने तो समज मोडला आणि देशाचा भूकंपविषयक नकाशा पुन्हा आखावा लागला. पोलादपूर व महाड या कोयना परिसरापासून फार दूर नाहीत.

अलीकडचे उदाहरण खांबाचे आहे. नऊ इंची भिंतीत दिसेनासा होणारा नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरचा कॉलम मालकाला आवडतो, कारण खोलीत कोपरा पुढे येत नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात २०१६ मध्ये सुधारणा झाली आणि कॉलमची किमान जाडी ३०० मिलिमीटर ठरली. त्याच वर्षी राष्ट्रीय इमारत संहिताही नव्याने सिद्ध झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. १९९५ च्या पदवीधराने यांतील काहीच वाचले नसेल, तरी त्याची नोंदणी शुल्काच्या बळावर अबाधित राहते.

निसर्गही धडे देत असतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. विजेचे मीटर कोणत्या उंचीवर बसवावेत, माल ठेवण्यास वरचा मजला किती भक्कम हवा, डोंगर कापून काढलेल्या जागेत पाण्याचा निचरा कसा करावा, हे येथील आराखड्याचे मूलभूत प्रश्न आहेत.

मालकाने काय विचारावे?

नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा; परिषदेच्या यादीत तो पडताळता येतो. त्या क्रमांकातच नोंदणीचे वर्ष असते. त्यावरून सनद केव्हाची, हे कळते. ज्ञान केव्हाचे, हे विचारावेच लागते. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणता अभ्यासक्रम केला? कॉलमची जाडी कोणत्या मानकानुसार धरली? आरसीसीची गणिते कोणी केली आणि सळई बांधल्यावर, स्लॅब पडण्यापूर्वी, ती कोण तपासणार? सजावटकाराला एकच प्रश्न पुरेसा आहे: भिंत काढताना किंवा पोटमाळा घालताना संरचना अभियंत्याचे लेखी मत घेतले आहे काय? रुंद दर्शनी भागाच्या हौसेपायी तळमजल्यावरील गाळ्याची भिंत काढली, तर वरच्या मजल्यांवर झोपलेल्या शेजाऱ्यांचे जीवही त्यात गुंतलेले असतात.

जाणता वास्तुविशारद अशा प्रश्नांनी दुखावत नाही. उलट, सुरक्षिततेसाठी वाढणारा खर्च मालकाला समजावणे त्याला सोपे जाते. व्यापारी दरवर्षी नवी वही घालतो, जुन्या वहीतील बाकी तपासून पुढे ओढतो. इमारत आखणाऱ्यांच्या ज्ञानाचा असा ताळेबंद कायदा मागेपर्यंत तो मागण्याचे काम घर बांधणाऱ्याकडेच राहते.