प्लास्टर निघाले, पण हात बरा झाला का?



दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वस्तीतल्या सार्वजनिक नळावर शेवाळावरून माझा पाय घसरला. पडताना आपण आपोआप हात टेकतो, तसा मी उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. हाड बसवून प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय." मी आनंदाने घरी आले आणि पाण्याचा तांब्या उचलायला गेले, तर बोटे तांब्याभोवती वळेनात. मूठ अर्धीच मिटत होती. साडीच्या निऱ्या धरता येईनात. दुकानदार सुटे पैसे देऊ लागला, तर तळहात वर होईना.

मी नर्सिंगची पदविका घेऊन ११ वर्षे वॉर्डात काम केले आहे. कितीतरी जणांचे प्लास्टर कापताना मी शेजारी उभी होते. "आता व्यायाम करा हं," एवढे म्हणून मी पुढचा केसपेपर हातात घ्यायची. कोणता व्यायाम, किती वेळा, किती महिने, हे मी कुणाला बसवून सांगितले नाही. त्या लोकांचे हात नंतर कसे राहिले असतील, हा विचार माझे स्वतःचे मनगट मोडल्यावर मनात आला. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे.

हाड जुळते, मग हात का वळत नाही?

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळचे जे हाड मोडते, त्याला डॉक्टर बहुधा 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, त्याचे वर्णन केले होते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होतात, म्हणून त्या वयात साध्या पडण्यानेही हे हाड मोडते.

प्लास्टरचे काम एकच, हाड जागेवर धरून ठेवणे. पण मनगटात आठ छोटी हाडे असतात आणि बोटे हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तिथूनच पुढे जातात. सांध्याभोवतीचे आवरण पाच-सहा आठवडे हलले नाही की आखडते. सूज आत साचून दोऱ्या चिकटतात, त्या मोकळ्या सरकत नाहीत. काम नसल्याने स्नायूही वाळतात. एक्स-रेमध्ये फक्त हाड दिसते, हे बाकीचे दिसत नाही. म्हणून 'हाड जुळले' याचा अर्थ 'हात कामाला तयार झाला' असा नाही. ती पुढची तयारी म्हणजे फिजिओथेरपी.

पहिला व्यायाम प्लास्टर असतानाच

माझी मोठी चूक इथे झाली. सहा आठवडे मी हात झोळीत घालून छातीशी धरला आणि बोटेसुद्धा हलवली नाहीत. नर्स असून मला भीती वाटत होती. त्यामुळे मनगटाबरोबर बोटे आखडलीच, खांदाही धरला.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर प्लास्टरच्या पहिल्या दिवसापासून हे करावे:

१. जागे असताना दर तासाला १० वेळा पूर्ण मूठ मिटा आणि बोटे पूर्ण ताठ करा.
२. अंगठ्याचे टोक चारही बोटांच्या टोकांना लावा.
३. कोपर मोकळे असेल तर वाकवा, सरळ करा. दिवसातून तीन-चार वेळा झोळी काढून हात डोक्यावर न्या.
४. पहिले काही दिवस झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. सूज उतरते.

प्लास्टर ओले करू नका. खाज आली म्हणून आत काडी किंवा विणकामाची सुई घालू नका, आत जखम होते आणि कुणाला दिसत नाही.

दुखणे गोळी घेऊनही वाढत असेल, बोटे बधिर, निळी, पांढरी किंवा थंड पडली असतील, बोट सरळ करताच जीव जाईल अशी कळ येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. प्लास्टर घट्ट होऊन रक्त अडले तर काही तासांत स्नायू आणि नसा मरतात.

प्लास्टर काढल्यानंतर

मी सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेले. तिथल्या ताईंनी कोनमापकासारख्या पट्टीने माझे मनगट किती वळते ते मोजले. हात कोमट मेणात बुडवून शेकला आणि व्यायाम शिकवले. आठवड्यातून दोनदा जायचे म्हणजे रिक्षाभाडे आणि अर्धा दिवस जायचा. तेव्हा ताई म्हणाल्या, "इथे मी आठवड्यातून एक तास देते. बाकीचे सगळे तास तुमच्याकडे आहेत." मी व्यायाम शिकून घेतले आणि घरी केले. महिन्यातून दोनदा मोजून घ्यायला गेले. हे व्यायाम घरातल्या वस्तूंवर होतात:

आधी बादलीत कोमट पाणी घेऊन हात १० मिनिटे बुडवा. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने पाहा, दुखऱ्या हाताला अंदाज नसतो.

१. ट्रंकेवर किंवा टेबलावर हात पालथा ठेवा, पंजा कडेच्या बाहेर लोंबू द्या. पंजा वर उचला, पाच आकडे मोजा. खाली सोडा, पुन्हा पाच मोजा.
२. त्याच जागी हाताची कड खाली ठेवून अंगठ्याकडे आणि करंगळीकडे पंजा झुकवा.
३. कोपर कमरेला चिकटवून तळहात वर करा, मग खाली करा. सुटे पैसे घेणे, भात कालवून खाणे, तोंड धुणे याच हालचालीवर चालते. कोपर सुटू देऊ नका, नाहीतर खांदाच फिरतो आणि आपली फसगत होते.
४. छातीसमोर हात जोडा. तळवे सुटू न देता हात हळूहळू पोटाकडे न्या, ताण जाणवेल तिथे थांबा.
५. मोज्याचा गोळा किंवा ओले फडके मुठीत दाबा.

प्रत्येक व्यायाम १० वेळा, दिवसातून तीनदा. पीठ मळणे आणि लहान कपडे पिळणे डॉक्टर होकार देतील तेव्हा सुरू करा. मळणे हाच मग चांगला व्यायाम होतो. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट उचलणे त्यानंतर. भरलेली बादली मात्र तीन महिन्यांच्या आत विचारल्याशिवाय उचलू नका. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो वजन आहे.

दुखेल का? दुखेल. ताण बसून दुखले आणि अर्ध्या तासात शांत झाले, तर योग्य चालले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर जास्त झाले, थोडे कमी करा. हात आगीसारखा भाजतो, लाल-चकचकीत होतो, कापडाचा स्पर्शही सोसत नाही, किंवा अंगठ्याचे टोक अचानक वर उचलेनासे झाले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि मालिशवाल्याकडून हात ओढून, पिरगाळून घेऊ नका. हलक्या हाताने खोबरेल लावले तर कोरडी कातडी मऊ होते, त्याला हरकत नाही. पण जोर लावून वाकवल्याने आत पुन्हा इजा होते. कोपराला असे केले तर स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकू शकतो.

वेळ कोण देणार?

आमच्या शेजारच्या मावशी चार घरची धुणी-भांडी करायच्या. माझ्या आधी वर्षभर त्यांचे मनगट मोडले होते. प्लास्टर निघाले त्या दिवशी घरचे म्हणाले, "झालं बरं, आता लाग कामाला." व्यायाम कुणी सांगितला नाही, मीही नाही. सुजलेल्या हाताने त्यांनी भांडी घासली, दुखायला लागले, मग हात वापरणेच सोडले. आज त्यांची बोटे अर्धी वळलेली आहेत. चारपैकी तीन घरे सुटली. माझी मूठ पूर्ण मिटायला चार महिने लागले आणि पहिली ताकद यायला जवळजवळ वर्ष. दोघींचे हाड सारखेच मोडले होते. मला व्यायाम सांगणारे कुणी भेटले आणि माझ्या घरच्यांनी तीन महिने पाणी भरले. मावशींना यातले काहीच मिळाले नाही.

म्हणून घरातल्या पुरुषांना आणि मुलांना सांगणे आहे. आईचे प्लास्टर निघाले की पाणी भरणे, जड कपडे धुणे तुम्ही घ्या. तिला दिवसातून तीनदा १५ मिनिटे बसू द्या. हा आराम नव्हे, हेच औषध आहे.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते. प्लास्टर काढतानाच डॉक्टरांना विचारा, "फिजिओथेरपीला पाठवाल का?" आणि केसपेपरवर लिहून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल आणि कामावर इजा झाली असेल, तर सुट्टीच्या काळात पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळण्याची तरतूद आहे. ठेकेदाराला अपघाताची नोंद करायला लावा.

घरातले वृद्ध पडून खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, तरी सूत्र हेच. "म्हातारीला हलवू नका" म्हणून अंथरुणात ठेवू नका. डॉक्टर सांगतील त्या दिवशी, बहुधा दुसऱ्याच दिवशी, वॉकर धरून उभे करा. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गाठी होतात.

रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही पाच-सहा जणी आता हातांचे हे व्यायाम एकत्र करतो. मावशीही येतात. इतक्या उशिरा पूर्ण सुधारणा होणार नाही हे त्यांना मी सांगितले आहे, तरी गेल्या महिन्यात त्यांनी त्या हाताने चहाचा कप धरला. तुमच्या गल्लीत कुणाच्या हाताला प्लास्टर असेल, तर हे पान आजच त्यांना वाचून दाखवा.