शाळेनंतरचे तास : रायपूरची ग्रंथालये आणि शिक्षणातील समान संधी

शिक्षणातील समानतेची चर्चा बहुधा शाळेच्या दारापाशी येऊन थांबते. प्रवेश कोणाला मिळाला, शुल्क किती, शिक्षक किती, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु विद्यार्थी वर्गात असतो तो दिवसाचे पाच-सहा तास. उरलेल्या वेळेत घरी पुस्तके आहेत की नाहीत, बसायला शांत जागा आहे की नाही, अडलेले विचारायला कोणी आहे की नाही, यावर त्याचे अध्ययन अवलंबून राहते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांमधील अंतर वाढते ते प्रामुख्याने याच तासांत. हे अंतर कमी करू शकणारे सार्वजनिक साधन म्हणजे ग्रंथालय. मात्र ते कोणत्या पायरीवर उभारले जाते, यावर त्याचा लाभ कोणाला मिळणार हे ठरते. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

रायपूरच्या इतिहासात या विषमतेचे एक बोलके उदाहरण सापडते. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्त कामानिमित्त कुटुंबासह येथे आले. त्यांचा किशोरवयीन मुलगा नरेंद्रनाथ, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे या गावात राहिला. योग्य शाळेच्या अभावी त्याचे शिक्षण घरीच, वडिलांशी होणाऱ्या चर्चांतून झाले, असे चरित्रकार सांगतात. सुशिक्षित वकिलाच्या घरात शाळेची उणीव भरून निघाली. त्याच गावातील मजुराच्या मुलाच्या बाबतीत ती भरून निघण्याचा मार्गच नव्हता. संस्थानिकांच्या मुलांची सोय मात्र झाली. जबलपूर येथे १८८२ मध्ये सुरू झालेली त्यांच्यासाठीची संस्था त्या शतकाच्या अखेरच्या दशकात रायपूरला आली व राजकुमार कॉलेज म्हणून प्रसिद्ध पावली. सामान्य विद्यार्थ्यांसाठी छत्तीसगड महाविद्यालय निघण्यास १९३८ साल उजाडावे लागले आणि विद्यापीठ आले ते १९६४ मध्ये.

या मधल्या काळात एका मराठी भाषक गृहस्थाने केलेले कार्य उल्लेखनीय आहे. दमोह जिल्ह्यात १८७१ मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे त्यांनी समर्थ रामदासांचा दासबोध व लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. रायपूरमध्ये मुलींसाठी पाठशाळा काढण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. ज्या प्रदेशात वाचता येणारेच मूठभर, तेथे नियतकालिकाला वर्गणीदार मिळणार तरी कोठून? वाचक घडविणारी शाळा आणि वाचकाला पुढे नेणारे वाचनालय ही परस्परांना पूरक साधने आहेत व एकाशिवाय दुसरे तग धरीत नाही, हे सप्रे यांच्या कार्यातून दिसते.

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाल्यानंतर चित्र पालटले. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची साक्षरता ७०.२८ टक्के होती, पुरुषांमध्ये ८०.२७ टक्के आणि स्त्रियांमध्ये ६०.२४ टक्के. राष्ट्रीय सरासरीपासून राज्य फार दूर राहिले नाही, परंतु स्त्री-पुरुषांमधील वीस टक्क्यांची तफावत लक्षणीय होती.

नालंदा परिसर

रायपूरच्या ग्रेट ईस्टर्न रोडवर, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या जवळ, २०१८ मध्ये ‘नालंदा परिसर’ हे चोवीस तास खुले असणारे ग्रंथालय व अभ्यासकेंद्र सुरू झाले. सुमारे सहा एकरांच्या या आवारात इमारतीतील अभ्यासिकांबरोबरच झाडांच्या सावलीत बसून वाचण्याची सोय आहे. येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा भरणा मोठा. एका खोलीत तिघे-चौघे राहणाऱ्या किंवा दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला अशा जागेचे मोल काय असते, हे वेगळे सांगावयास नको. या प्रतिसादामुळे राज्याच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात २२ नागरी संस्थांमध्ये याच धर्तीवर ग्रंथालये उभारण्याची घोषणा झाली.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी अभ्यासिका ही ‘क्लब वस्तू’ ठरते. खुर्च्या मोकळ्या असेपर्यंत एकाच्या वाचनाने दुसऱ्याचे काही कमी होत नाही. त्या भरल्या की स्पर्धा सुरू होते आणि सदस्यत्वाचे नियम महत्त्वाचे ठरतात. चोवीस तासांची सोयदेखील सर्वांना सारखी उपयोगी नसते. रात्री घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या मुलीसाठी हे ग्रंथालय दिवसाच खुले असते.

येथे एक मुद्दा परीक्षार्थींनी नीट लक्षात घ्यावा. स्पर्धा परीक्षेतील यश ही फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये मांडलेल्या अर्थाने ‘स्थानसापेक्ष वस्तू’ आहे. तिचे मूल्य इतरांच्या तुलनेतील स्थानावर ठरते. जाहिरातीत जितकी पदे, तितकेच उमेदवार निवडले जाणार. अभ्यासिका दहापट झाल्या तरी पदे दहापट होत नाहीत. म्हणजे अशा ग्रंथालयाने निवडीची एकूण संख्या वाढत नाही, निवडले जाणाऱ्यांची पार्श्वभूमी बदलू शकते. खासगी शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्याला त्यामुळे बरोबरीने उतरता आले, तर तो न्यायाच्या दृष्टीने मोठा लाभ होय. प्राथमिक शाळेतील वाचनाचे गणित मात्र वेगळे आहे. तेथे एक मूल वाचू लागल्याने दुसऱ्याचे काहीच हिरावले जात नाही. न्याय आणि परिणामकारकता ही दोन्ही उद्दिष्टे तेथे एकाच खर्चात साधतात.

नालंदा परिसराची उभारणी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून झाली, ही बाबही विचारात घेण्याजोगी आहे. खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार खाणपट्टाधारकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात अंशदान घेऊन हा निधी उभा राहतो आणि खाणकामाने बाधित झालेल्या लोकांचे हित हे त्याचे उद्दिष्ट आहे. शिक्षण हे त्यातील अग्रक्रमाचे क्षेत्र असल्याने ग्रंथालयावरील खर्च नियमात बसतो. परंतु राजधानीतील खुर्चीपर्यंत पोहोचणारा तरुण बारावी, बहुधा पदवीही, ओलांडून आलेला असतो. खाणीलगतच्या गावातील जे मूल पाचवीतच वाचनात मागे पडले, त्याला या खुर्चीचा उपयोग नाही.

प्रवेशातील न्याय आणि शिकण्यातील न्याय

रायपूरमधूनच २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद शासकीय इंग्रजी माध्यम शाळांनी दुसरा प्रश्न पुढे आणला. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्याने प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. सोडत ही प्रक्रिया म्हणून निःपक्षपाती असते यात शंका नाही. मात्र ती समान संधी देते ती अर्ज करणाऱ्यांनाच. अर्ज न करणारे कुटुंब आणि चिठ्ठी न निघालेले मूल नेहमीच्याच शाळेत राहते. ज्या जुन्या शाळांचे रूपांतर झाले, तेथील हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे काय, हाही प्रश्न उपस्थित झाला व पुढे याच नावाने हिंदी माध्यमाच्या शाळा सुरू करण्यात आल्या. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला; बस्तरमध्ये मुलांची घरची भाषा हलबी किंवा गोंडी असते. अशा मुलासाठी हिंदी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते.

भाषेचा हा अडसर किती खोल असतो, हे केनियातील एका प्रयोगातून स्पष्ट झाले. पॉल ग्ल्यूवे, मायकेल क्रेमर व सिल्वी मूलँ यांच्या २००९ च्या अभ्यासात पाठ्यपुस्तके पुरविलेल्या शाळांतील सरासरी गुण वाढले नाहीत. लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुसंख्य मुलांना ती वाचताच येत नव्हती. भारतातही कर्नाटकातील शालेय ग्रंथालयांच्या एका प्रयोगाचे असेच मूल्यमापन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या भाषिक कौशल्यात ग्रंथालयामुळे वाढ झाल्याचे त्यात आढळले नाही. यावरून ग्रंथालये निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हाती दिलेले पुस्तक त्याला वाचायला शिकवीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. याउलट मुंबई व वडोदरा येथे मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीनुसार शिकविण्याचा ‘बालसखी’ प्रयोग परिणामकारक ठरला, असे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी पातळीनुसार अध्यापन, त्याला लागून घरच्या भाषेतील सोपी पुस्तके, आणि त्यानंतर मोठे ग्रंथालय.

गरज किती मोठी आहे, हे ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणावरून कळते. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. तिसरीतील चारपैकी जवळजवळ तीन मुले आजही हा उतारा वाचू शकत नाहीत.

कायदा आणि पैसा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावयास हवे. सार्वजनिक ग्रंथालये हा राज्यांचा विषय असून त्यांच्या वित्तपुरवठ्याच्या पद्धती भिन्न आहेत. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा उपकराऐवजी शासकीय अनुदानावर उभा आहे. उपकराचा पैसा निश्चित असतो, अनुदानाचा दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून. टंचाईच्या वर्षी पहिली कात्री पुस्तकांनाच लागते, हा सर्वत्रिक अनुभव आहे.

शालेय ग्रंथालयांसाठी समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद झाली. प्राथमिक शाळेच्या वाट्याला येणाऱ्या ५ हजार रुपयांत, सरासरी ५० रुपये किंमत धरली, तर शंभर पुस्तके येतात. साठ मुलांच्या शाळेत तीन वर्षांत तीनशे पुस्तके म्हणजे प्रत्येक मुलामागे पाच. पुस्तके हरवल्यास जबाबदारी आपल्यावर येईल या भीतीने मुख्याध्यापकाने ती कपाटात कुलूपबंद ठेवली, तर हा सारा खर्च साठा नोंदवहीतच राहतो. फाटलेली व हरवलेली पुस्तके ठरावीक मर्यादेपर्यंत निर्लेखित करण्याचा अधिकार शाळेलाच देणे आणि वेळापत्रकात रोज वाचनाची तासिका ठेवणे, या दोन गोष्टींसाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही.